क्लाउडवरचं मशीन दुकानात आणलं, आणि एका सकाळी दोन गल्ले उघडे राहिले



आमचा सर्व्हर आता क्लाउडवर नाही, दुकानाच्या माळ्यावर आहे, हे मी एका व्हिडिओत ओघात बोलून गेलो. त्यानंतर "आम्हीपण आणू का?" असं विचारणाऱ्यांची रांगच लागली. दहा-बारा मिनिटांच्या व्हिडिओत हे नीट सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. सुरुवात आमच्या फजितीपासून करतो.

जानेवारीतला सोमवार, दुपारी सव्वा वाजता. एक गुरुजी आमच्या सांगलीच्या काउंटरला बिल घेऊन आले. सकाळी मिरजेच्या शाखेतून त्यांनी वह्या घेतल्या होत्या, त्यात दोन डझन डबल लाइनऐवजी सिंगल लाइनच्या निघाल्या. बदलून हव्या होत्या. बिल नंबर ११४१७. काउंटरवरच्या मुलीनं नंबर टाकला, तर स्क्रीनवर भलत्याच गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग शीटचं बिल. तिनं मला हाक मारली. मी गुरुजींच्या हातातला कागद बघितला, स्क्रीन बघितली, आणि पोटात गोळा आला. एकाच नंबरची दोन बिलं, दोन्ही खरी, दोन्ही आमचीच.

आदल्या रात्रीच आम्ही मशीन हलवलं होतं.

आता जरा मागे जातो. आमचं सांगलीत पेठेत शालेय साहित्य आणि स्टेशनरीचं होलसेल दुकान आहे, मिरजेला छोटी शाखा. २०१९ च्या महापुरात तळमजल्यात पाणी शिरलं. मालाचं नुकसान झालंच, पण कॉम्प्युटर आणि अप्पांच्या (म्हणजे माझ्या वडिलांच्या) उधारीच्या वह्याही गेल्या. कोणाकडून किती येणं आहे हे नंतर लोकांनाच विचारत बसलो होतो. बहुतेकांनी खरं सांगितलं. सगळ्यांनी नाही. त्या अनुभवानंतर मी ईआरपीनेक्स्ट बसवलं आणि ते क्लाउडवर भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर ठेवलं. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा बिलिंग मिरजेतून चालू ठेवता आलं. म्हणजे क्लाउडनं आम्हाला वाचवलंय, हे आधीच कबूल करतो.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय, तर एका मोठ्या गोदामात पार्टिशन घालून भाड्यानं दिलेला गाळा. कुलूप तुमचं, माल तुमचा, पण हमाल आणि लिफ्ट सगळ्यांत मिळून. शेजारच्या गाळ्यात ट्रक खाली होत असेल तर तुमचा माल थांबतो. आमचं जूनमध्ये नेमकं हेच व्हायचं. शाळा उघडायच्या आठवड्यात संध्याकाळी पाच ते आठ, एक बिल सेव्ह व्हायला वीस-वीस सेकंद. काउंटरसमोर पालक, मागे हमाल, आणि स्क्रीनवर गोल फिरणारं चक्र.

इथे बहुतेक जण चूक करतात, आणि मीही करणार होतो: लगेच नवं मशीन घ्यायचं. पुण्यात आयटीत काम करणारा माझा मावसभाऊ म्हणाला, "दादा, आधी बघू तर दे कोण खातंय ते." बघितलं तर अर्धा दोष आमचाच. रोजचा बॅकअप संध्याकाळी सहाला लावलेला, ऐन गर्दीत. आणि दोन्ही सेल्समन दिवसभर मोबाइलवर संपूर्ण स्टॉकचा रिपोर्ट उघडून ठेवायचे, तो दर थोड्या वेळानं पहिल्यापासून मोजणी करायचा. बॅकअप रात्री नेला, रिपोर्ट त्यांच्या त्यांच्या मालापुरता केला. एक रुपया खर्च न करता वीस सेकंदाचे आठ झाले.

उरलेले आठ कुठून येतात? लिनक्समध्ये 'टॉप' नावाची कमांड असते. त्यात प्रोसेसरच्या ओळीत शेवटी 'एसटी' असा आकडा दिसतो, म्हणजे स्टील. तुमच्या मशीनला काम करायचं होतं, पण खालचा खरा प्रोसेसर त्या वेळी दुसऱ्या भाडेकरूच्या कामात होता, असा तो वेळ. शांत वेळी हा शून्याच्या आसपास असावा. आमच्याकडे संध्याकाळी २० ते २५ टक्के दिसत होता. हा आकडा तुमच्याकडे शून्य असेल तर तुमचं दुखणं वेगळं आहे, त्यावर स्वतंत्र सर्व्हर हे औषध नाही.

हिशेब

माझ्या वहीतले आकडे देतो, जीएसटी सोडून. जुना प्लॅन महिन्याला ६,८०० रुपये. त्याच कंपनीचा, प्रोसेसर कोणाशीही वाटून न घेणारा प्लॅन १३,५००. स्वतःचा टॉवर सर्व्हर, ईसीसी रॅम आणि दोन एसएसडीसह, १,३८,०००. यूपीएस २२,०००. बसवणं, वायरिंग, अर्थिंग १५,०००. एकूण १,७५,०००. त्यावर महिन्याचा खर्च: वीज साधारण ८५० (सरासरी ९० वॅट, चोवीस तास, म्हणजे महिन्याला ६५ युनिट), स्टॅटिक आयपी ५००, बाहेरचा बॅकअप ६५०, देखभालीसाठी बाजूला काढलेले ३,०००. झाले ५,०००.

महागड्या प्लॅनशी तुलना केली तर महिन्याला ८,५०० वाचतात आणि पैसे २१ महिन्यांत सुटतात. जुन्या प्लॅनशी केली तर वाचतात फक्त १,८००, आणि पैसे सुटायला आठ वर्षं. तोवर मशीनच भंगारात. म्हणजे तुमचा सध्याचा प्लॅन पुरत असेल तर स्वतःचा सर्व्हर घेण्यात पैशाचा फायदा नाही. हा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी करा. सर्व्हर विकणारा माणूस तुमच्यासाठी तो नेहमी महागड्या प्लॅनशीच करून दाखवतो.

रेग्युलर जीएसटीत असाल तर मशीनवरच्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं, कंपोझिशनमध्ये मिळत नाही. इन्कम टॅक्समध्ये कॉम्प्युटरला ४० टक्के घसारा आहे. हे दोन्ही तुमच्या सीएंना विचारून त्याच वहीत लिहा.

आमचा कौल लागला तो दुसऱ्याच कारणानं. सिस्टीम वापरणारे आम्ही १३ जण, त्यातले ८ एकाच इमारतीत. क्लाउडवर असताना आमचं ब्रॉडबँड गेलं की आठही जण हातावर हात ठेवून बसायचे. मशीन माळ्यावर आलं तर नेट गेलं तरी सांगलीचं बिलिंग चालणार. फक्त एक काळजी घ्यावी लागली: दुकानातल्या राउटरला सांगून ठेवलं, की आमच्या सिस्टीमचं नाव कोणी विचारलं तर थेट माळ्यावरच्या मशीनचा पत्ता दे, बाहेर फिरून येऊ नको.

अप्पांचा मात्र विरोध होता. "एकदा पाण्यानं नेलंय. परत तिथंच आणून ठेवतोस?" प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर दिल्याशिवाय मशीनची ऑर्डर द्यायची नाही, असं आमचं ठरलं. पुढे येतोच त्यावर.

खोकं उचलून आणता येत नाही

मला वाटलं होतं, क्लाउडवरच्या मशीनची जशीच्या तशी कॉपी काढायची, नव्या मशीनवर ओतायची, झालं. भावानंही आधी तसंच करून बघितलं. नवं मशीन सुरूच होईना. आमच्या व्हर्च्युअल मशीनमधलं लिनक्स हलकं, खास क्लाउडसाठी बनवलेलं होतं. त्यात खऱ्या हार्डवेअरचे बरेचसे ड्रायव्हर नसतातच, कारण तिथे डिस्कही नकली आणि नेटवर्क कार्डही नकली. खऱ्या मशीनवर आल्यावर त्याला समोरची डिस्कच दिसत नव्हती. ड्रायव्हर घालता आले असते, पण पुढे नेटवर्क कार्डाचं नाव बदलतं, बूट व्हायची पद्धत बदलते. एकेक गाठ सोडवत बसावं लागतं.

तुमच्यापैकी बरेच जण विंडोजवर टॅली चालवता. तिथे अशी कॉपी ओतली की निळी स्क्रीन येऊन बूट डिव्हाइस सापडत नाही असं म्हणते, त्यामागेही असंच कारण असू शकतं. शिवाय दोन गोष्टी लक्षात ठेवा. क्लाउड कंपनीनं भाड्यात जे विंडोज दिलेलं असतं त्याचं लायसन्स त्यांचं असतं, ते तुमच्याबरोबर येत नाही. नवं विकत घ्यावं लागतं, आणि रिमोटनं काम करणाऱ्या माणसांमागे लायसन्स वेगळं. हा खर्च वरच्या हिशेबात धरलात तर काहींचं गणित तिथेच फिसकटेल. आणि टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवर आधी सरेंडर करा, मग नव्यावर अॅक्टिव्हेट करा. उलट क्रमानं गेलात तर ऐन वेळी अडकाल.

शेवटी आम्ही खोकं सोडलं आणि आतला माल हलवला. नव्या मशीनवर कोरं लिनक्स, त्यावर ईआरपीनेक्स्टचं तेच व्हर्जन, आणि मग डेटाबेस, बिलांसोबत जोडलेल्या फायली आणि सेटिंगची फाइल. डेटाबेस ६ जीबी, फायली ४०. शंभर एमबीपीएसच्या लाइनवर ४० जीबी कागदावर तासाभरात येतात. आम्हाला तीन तास लागले. म्हणून फायली आठवडाभर आधी आणून ठेवल्या, शेवटच्या रात्री फक्त बदललेल्या तेवढ्या आणल्या. 'आरसिंक' हे काम चोख करतं.

एक पर्याय आणखी आहे. नव्या मशीनवर आधी प्रॉक्समॉक्स टाकायचं आणि त्याच्या पोटात आपलं व्हर्च्युअल मशीन ठेवायचं. मशीन पूर्ण तुमचं, पण आतल्या सिस्टीमला आपण अजून नकली डिस्कवरच आहोत असं वाटतं. त्यामुळे ड्रायव्हरची भानगड बरीच कमी होते, आणि अपडेट करायच्या आधी स्नॅपशॉट घ्यायची सोयही राहते. ती सोय आम्ही गमावली आणि आज ती आठवते. पुन्हा करायचं झालं तर मी हाच रस्ता धरीन.

तालीम

ठरलेल्या रात्रीच्या आधी दोनदा तालीम केली. पहिल्या तालमीत सगळं उघडलं, फक्त ईमेल जाईना. सेटिंगच्या फाइलमध्ये एक गुप्त किल्ली असते, तिच्याशिवाय साठवलेले पासवर्ड वाचता येत नाहीत. ती आणायची राहिली होती. दुसऱ्या तालमीत किल्ली आणली आणि नवीच गंमत झाली. तालमीतली कॉपी बिचारी स्वतःला खरीच समजत होती. सकाळी उठली आणि थकबाकीदारांना आठवणीचे ईमेल पाठवून मोकळी. जुन्या मशीननंही पाठवलेच होते. जतकडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा अप्पांना फोन, "अप्पा, एकदा सांगितलंसा तेवढं पुरं हुतं की!" तालमीच्या मशीनवर शेड्युलर आणि ईमेल आधी बंद करा. आम्ही त्या दिवशी बरेच फोन करून माफी मागितली.

रविवारची रात्र

तारीख विचार करून निवडली होती. जून नको, मार्च नको, पावसाळा नको. जानेवारीतला रविवार. दोन दिवस आधी डीएनएसचा वेळ पाच मिनिटांवर आणून ठेवला, म्हणजे पत्ता बदलला की सगळीकडे पटकन कळेल. रात्री नऊला जुन्या मशीनवर 'काम चालू आहे' असा फलक लावला, म्हणजे मेंटेनन्स मोड. शेवटचा बॅकअप घेतला, आणला, चढवला. साडेबाराला नवं मशीन उभं होतं.

आता खात्री कशी करायची? आम्ही तीन आकडे ठरवले होते: एकूण उधारी, एकूण स्टॉकची किंमत, शेवटचा बिल नंबर. दोन्हीकडे बघून जुळवायचे. ते बघायला जुन्या मशीनवरचा फलक काढला. उधारी पैशापर्यंत जुळली, स्टॉक जुळला, शेवटचं बिल दोन्हीकडे ११४०१. आम्ही दोघंही खूश.

भाऊ म्हणाला, "दादा, जुनं बंद करू ना?"

मी म्हणालो, "असू दे रे. काही झालं तर परत फिरता येईल."

फलक परत लावायचा राहिला.

सकाळी सांगलीचे सगळे नव्या मशीनवर आले. सेल्समन मोबाइलवरून नव्यावर आले. मिरजेच्या कॉम्प्युटरवर मात्र जो शॉर्टकट होता, त्यात नाव नव्हतं, जुन्या मशीनचा आयपी नंबरच होता. मीच टाकला होता, डोमेन घ्यायच्या आधी. मिरजेच्या मुलानं रोजच्यासारखं डबल क्लिक केलं, रोजच्यासारखी स्क्रीन आली, आणि त्यानं दुपारपर्यंत ११४०२ पासून तेवीस बिलं केली. तेच नंबर इकडे सांगलीत नवं मशीन दुसऱ्या गिऱ्हाइकांना देत होतं.

अप्पा कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. त्यांना सगळं सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "आपण जुन्या जागेतून इथं आलो तेव्हा मी आधी तिथला गल्ला बंद करून किल्ली खिशात टाकली, मग इथली पूजा केली."

जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिल नंबर त्या आर्थिक वर्षात एकमेव असायला लागतो. आमची उलाढाल ५ कोटींच्या आत आहे, म्हणून ई-इन्व्हॉइस लागू नाही. लागू असतं तर व्यापाऱ्यांच्या बिलांपुरतं पोर्टलनंच दुसरं बिल नाकारलं असतं आणि सकाळीच कळलं असतं. आम्हाला गुरुजींमुळे कळलं.

सीएंना फोन केला. जीएसटीआर-१ भरायला वेळ होता, हे नशीब. मिरजेसाठी वेगळी सिरीज सुरू केली, तेवीस बिलं नव्या मशीनवर नव्या नंबरनं केली, आणि आधीचे कागद परत मिळवायला लागलो. सहा बिलं जीएसटी नंबरवाल्या दुकानदारांची होती, त्यांना स्वतः जाऊन बदलून दिली. उरलेल्या सतरांपैकी पंधरा जणांचे फोन नंबर होते. दोघं रोखीतली गिऱ्हाइकं, नाव नाही, नंबर नाही. ती सापडली नाहीत. त्या दोन बिलांचं काय झालं याचं टिपण सीएंनी लिहून घेतलं आणि आमच्या फाइलला लावलं. एकूण अडीच दिवस गेले. साडेतीन तासांत मशीन हलवलं आणि अडीच दिवस ते निस्तरत होतो.

तेव्हा तुम्ही करणार असाल तर जुन्या मशीनवरचे आकडे फलक लावायच्या आधीच कागदावर लिहून घ्या, किंवा बिलं बंद करून स्क्रीनचे फोटो काढा. शेवटचा बॅकअप घेतला की जुनं मशीन पॉवर ऑफ करा. डिलीट नाही, फक्त ऑफ. परत फिरायचं झालं तर ते पाच मिनिटांत सुरू होतं. आणि आधी प्रत्येक कॉम्प्युटरजवळ स्वतः जाऊन शॉर्टकट उघडून बघा, आत काय लिहिलंय ते. फोनवरून "नावच आहे ना?" असं विचारू नका, समोरचा हो म्हणतो.

आता रखवालदार तुम्हीच

क्लाउडवर असताना फायरवॉल, वीज, गार हवा, खराब झालेली डिस्क बदलणं हे सगळं भाड्यात होतं. आता ते माझं काम. राउटरमधून फक्त वेबचं एक दार उघडं आहे, सर्व्हरवर बाहेरून लॉगिन फक्त व्हीपीएनमधून. यूपीएसची यूएसबी वायर सर्व्हरला जोडली आहे. वीज जाऊन बॅटरी उतरायला लागली की सर्व्हर आपोआप नीट बंद होतो. ही वायर खोक्यातच पडून राहिलेली मी अनेक दुकानांत बघितली आहे. माळ्यावर जाळी लावली, कारण उंदीर वायर खातात.

दोन एसएसडी एकमेकींची नक्कल ठेवतात, म्हणजे एक मेली तरी काम चालू. पण हा बॅकअप नव्हे. कोणी चुकून हजार बिलं उडवली तर ती दोन्हीकडून त्याच क्षणी उडतात. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात, ते दोन चकत्यांच्या भरवशावर सोडू नका.

अप्पांच्या प्रश्नाचं उत्तर इथे येतं. रोज रात्री एकला कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला बॅकअप मुंबईतल्या क्लाउड स्टोरेजवर जातो. त्याचेच ते ६५० रुपये. तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं तुम्हाला कायद्यानंच बंधनकारक आहे. आमची प्रोप्रायटरी आहे, तरी आम्ही तेच करतो. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ४० फुटांच्या इशारा पातळीला पोचलं की त्या बॅकअपवरून भाड्याचं व्हर्च्युअल मशीन उभं करायचं आणि बिलिंग मिरजेतून चालवायचं, असं ठरवून ठेवलंय. मेमध्ये त्याची तालीम केली. एक तास चाळीस मिनिटं लागली. ईमेल बंद ठेवले होते.

जुनं मशीन आम्ही तीस दिवस ऑफ करून ठेवलं. एकतिसाव्या दिवशी मुंबईतला बॅकअप एका जुन्या लॅपटॉपवर उतरवून तेच तीन आकडे बघितले, जुळले, मग जुनं मशीन डिलीट केलं आणि कार्डवरचं ऑटो-पे बंद करायला गेलो. तर पुढच्या बिलात ११२ रुपये आलेलेच. मशीन गेलं होतं, पण त्याचा एक जुना स्नॅपशॉट वेगळ्या पानावर शिल्लक होता, आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या नावांसकट. तो शोधून डिलीट केला, आणि मग कार्ड काढलं.